चौदा मिलिमीटरची खोली

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने निघाले की महामार्गापासून थोडे आत लिंब नावाचे गाव आहे. तिथली बारामोटेची विहीर अनेकांनी पाहिली असेल, आणि न पाहिलेल्यांनी तिची छायाचित्रे तरी नक्की पाहिली असतील. वीरूबाई भोसले यांनी ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. नाव बारा मोटांचे असले तरी मोटा लावायच्या जागा मोजल्या तर पंधरा भरतात. पायऱ्या उतरून, कमानीखालून जाऊन ऐन विहिरीच्या काठाशी पोचले की समोर सगळी विहीर असते आणि कॅमेऱ्यात मात्र तिची एक चिरफाळी येते. मागे सरकावे तर कमान आड येते. पुढे सरकायची सोय नाही, पुढे पाणी आहे.

मी तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे तिथे उभी राहिले की मला नववी-दहावीचा फळा दिसू लागतो. वर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. म्हणजे वर्तुळाच्या परिघावर उभे राहून आपण जेवढ्या अंशांचा कोन पाहतो, त्याच्या दुप्पट अंशांचा कंस आपल्याला दिसतो. अष्टकोन वर्तुळाच्या बराच जवळ असल्यामुळे हा हिशेब विहिरीला चालतो. पूर्ण आकाराच्या, ३६ मिलिमीटर रुंद संवेदकाच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग लावले तर आडवा कोन सुमारे ४० अंश मिळतो, म्हणजे विहिरीचा ८० अंशांचा कंस, पाव वर्तुळाहूनही कमी. २४ मिलिमीटरचे भिंग ७४ अंश पाहते, कंस १४८ अंशांचा. आणि १४ मिलिमीटरचे भिंग १०४ अंश पाहते, कंस २०८ अंशांचा. आठ भिंतींपैकी सुमारे साडेचार. या १४ मिलिमीटरच्या भिंगाविषयी मला लिहायचे आहे. छायाचित्रकार त्याला 'अल्ट्रा वाइड' म्हणतात. मी अतिरुंद भिंग म्हणेन. साधारणपणे २४ मिलिमीटरच्या खालची भिंगे या वर्गात मोडतात.

हा विषय आता छायाचित्रकारांपुरता उरलेला नाही. पाच-सहा वर्षांत मोबाइलच्या पाठीवर दुसरे-तिसरे भिंग आले आणि पडद्यावर '०.५' किंवा '०.६' असे बटण दिसू लागले. ते दाबले की लग्नाचा अख्खा मांडव चौकटीत येतो. ते बटण म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटरचे अतिरुंद भिंग. चाळीस वर्षांपूर्वी जी वस्तू मोठ्या शहरातल्या मोजक्या व्यावसायिकांकडे असे, ती आज लिंबच्या विहिरीवर आलेल्या प्रत्येक सहलीतल्या निम्म्या मुलांच्या खिशात असते. पण तिच्या स्वभावाबद्दल कोणी चार शब्द सांगत नाही, आणि तिचा स्वभाव तर इतर भिंगांहून अगदी वेगळा आहे. मी निवृत्तीनंतर एक जुने, हाताने फोकस करायचे १४ मिलिमीटरचे भिंग घेतले आणि गेली चार वर्षे सासर सातारा आणि माहेर सांगली या दोन जिल्ह्यांत ते घेऊन हिंडते आहे.

रुंद पाहण्याची हौस जुनी आहे. जर्मनीतल्या गर्झ कंपनीने १९०० साली 'हायपरगॉन' नावाचे भिंग काढले. जवळजवळ अर्धगोल अशा काचेच्या दोनच वाट्या, समोरासमोर ठेवलेल्या, आणि कोन १३० अंशांहून अधिक. त्यात अडचण एकच: मध्यभागी भरपूर उजेड आणि कडेला अंधार. तिरपा येणारा प्रकाश पातळ होतो, हा निसर्गनियम आहे. मग त्यांनी भिंगासमोर चांदणीच्या आकाराचे एक छोटे चक्र बसवले. रबरी फुगा दाबून हवेच्या झोताने ते फिरवायचे, म्हणजे ते मधला प्रकाश अडवते, आणि मग ते बाजूला करून उरलेला वेळ प्रकाश द्यायचा. आजच्या भिंगांतही कडा थोड्या काळवंडतातच. फक्त आता ती दुरुस्ती कॅमेऱ्यातला संगणक करतो.

दुसरी वाट मत्स्यनेत्राची. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याने भरलेल्या पेटीतून छायाचित्रे घेऊन माशाला जग कसे दिसत असेल ते दाखवले. हे दृश्य सांगली-हरिपूरच्या मुलांना पुस्तकाशिवायच ठाऊक असते. कृष्णेत बुडी मारून पाठीवर वळून वर पाहिले, पाणी निवळ असले, तर डोक्यावर प्रकाशाचे एक गोल झाकण दिसते आणि काठावरची झाडे, घाट, बसलेली माणसे त्या झाकणाच्या कडेला वाकून गोळा झालेली असतात. हवेतून पाण्यात येणाऱ्या किरणांच्या वक्रीभवनामुळे वरचे १८० अंशांचे सारे जग सुमारे ९७ अंशांत मावते. १९२४ साली रॉबिन हिल यांनी ढगांच्या अभ्यासासाठी सबंध आकाश एका चौकटीत घेणारे भिंग तयार केले, ते याच जातीचे. मत्स्यनेत्री भिंग सगळे काही मावून घेते, पण सरळ रेषा वाकवते. लिंबच्या विहिरीचे आठही कोन त्यात येतील, पण एकही भिंत सरळ राहणार नाही.

मी वापरते ते भिंग दुसऱ्या पंथाचे, सरळरेषी. ते सरळ रेषेला सरळच ठेवते. तुळई तुळईसारखी, खांब खांबासारखा. पण त्याची किंमत ते दुसरीकडे वसूल करते, आणि ही वसुली नीट समजून घेतल्याशिवाय हे भिंग हाती लागत नाही.

एक विजेरी घ्या आणि भिंतीवर काटकोनात झोत टाका. प्रकाशाचा गोल पडेल. आता विजेरी तिरपी करा. गोल लांबट होईल, लंबवर्तुळ होईल. झोत तोच आहे, भिंत त्याला तिरपी छेदते आहे. भिंगाचेही तसेच. चौकटीच्या कडेला ठेवलेल्या गोल घागरीकडून भिंगात येणारा प्रकाशाचा शंकू सपाट संवेदकावर तिरपा पडतो आणि घागर लांबट होते. किती लांबट, याचेही गणित सोपे आहे: मधल्या अक्षापासून जितका कोन, त्याच्या कोसाइनचा व्यस्त. ५० मिलिमीटरच्या भिंगात अगदी आडव्या कडेला हे प्रमाण १.०६ पट, डोळ्याला कळतही नाही. २४ मिलिमीटरला १.२५ पट. १४ मिलिमीटरला १.६ पटीहून थोडे जास्त, आणि कोपऱ्यात त्याहूनही अधिक.

याचा सामाजिक परिणाम असा की लग्नातल्या समूहचित्रात कडेला उभी असलेली आत्या दीडपट रुंद होते. ती फोटो बघून वरपक्षाच्या फोटोग्राफरला बोल लावते, घरी येऊन वजनकाट्यावर उभी राहते, पण तिचा काही दोष नसतो. तिला कडेला उभे केले हाच दोष. अतिरुंद भिंगाने माणसांचा फोटो काढायचा तर माणसे मधल्या अर्ध्या भागात, आणि कडांना झाडे, भिंती, पाणी, आकाश. ढगाला आपण जाड दिसतो आहोत याची फिकीर नसते.

चित्रकारांना ही गोष्ट कॅमेऱ्याच्या आधीपासून माहीत होती. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या प्रसिद्ध भित्तिचित्रात उजवीकडे दोन व्यक्तींच्या हाती गोल आहेत. यथार्थदर्शनाच्या काटेकोर नियमाने, चित्राच्या मध्यापासून इतक्या दूर, ते लंबगोल यायला हवेत. राफाएलने ते सरळ वर्तुळ काढले. इमारत नियमाने, गोल डोळ्याने. कॅमेऱ्याला ही सवलत नाही.

पण मग भिंग खोटे बोलते का? इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिच्यात आहे. छायाचित्र कोणत्या अंतरावरून पाहिले तर ते मूळ दृश्यासारखे दिसेल, हे ठरलेले असते: भिंगाचे नाभीय अंतर गुणिले चित्र जितक्या पट मोठे केले तो आकडा. ३६ मिलिमीटरची चौकट दहापट मोठी करून ३६ सेंटिमीटर रुंद छापली, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाचे चित्र ५० सेंटिमीटरवरून पाहायचे. आपण नेमके तिथूनच पाहतो. १४ मिलिमीटरच्या भिंगाचे चित्र १४ सेंटिमीटरवरून पाहायचे, वीतभरापेक्षाही कमी. एक डोळा मिटून, नाक जवळजवळ कागदाला लावून तसे पाहिले तर कडेची आत्या पुन्हा सडपातळ होते, कारण आता आपणही तिला तिरपे पाहत असतो. चाळिशी लागलेल्यांना इतक्या जवळचे दिसत नाही ही निराळी अडचण. तेव्हा हे भिंग खोटे बोलत नाही. आपण त्याचे बोलणे फार लांबून ऐकतो.

या लांबून पाहण्याचाच दुसरा परिणाम म्हणजे खोली. इथे खोली हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरते आहे.

साताऱ्यातल्या जुन्या पेठांपैकी एका पेठेत आमच्या ओळखीच्यांचा वाडा होता. तीन भावांत वाटणी होऊन वाडा पाडायचे ठरले, तेव्हा थोरल्यांनी मला सांगितले, "वहिनी, पाडायच्या आधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून द्या. तिघांना एकेक संच." त्यांची आई तेव्हा नव्वदीच्या आत-बाहेर होती. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी यांचे चित्रण सरळ होते, कारण तिथे मागे सरकायला जागा होती. प्रश्न माजघराचा. साधारण १४ फूट लांब, ११ फूट खोल, दोन दारे, एक झरोका, उजेड बेताचा. अशा खोलीत अतिरुंद भिंगाशिवाय गती नाही. तरी मी मुद्दाम दोन प्रकारे चित्रे घेतली. एक कोपऱ्यात पाठ टेकवून, उभ्याने, १४ मिलिमीटरने. दुसरे उंबऱ्यावरून, ३५ मिलिमीटरने, ज्यात अर्धीच खोली येते. दोन्ही छापून आजींपुढे ठेवली.

पहिले चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "कुणाचं गं हे?" मी म्हटले, "आपलंच माजघर, आजी." त्या हसल्या. "एवढं माजघर असतं तर माझं नि धाकट्या जाऊबाईंचं कशाला वाजलं असतं?"

त्यांचे बरोबर होते, आणि का बरोबर होते ते आकड्यांत सांगता येते. १४ मिलिमीटरच्या चित्रात ११ फुटांवरची भिंत जेवढी लहान येते, तेवढी लहान ती नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या चित्रात केव्हा येईल? सुमारे ३९ फुटांवर असेल तेव्हा. आपला डोळा नेहमीच्या चित्रांना सरावलेला. तो समोरची भिंत लहान पाहून ती लांब आहे असा निष्कर्ष काढतो, आणि माजघराचा दरबार होतो. घरे विकणारे लोक हेच भिंग का वापरतात ते वाचकांच्या लक्षात आले असेलच. दुसऱ्या चित्रात आजींना आपले माजघर लगेच ओळखू आले, पण देवघराचे दार, चुलीकडची बाजू आणि त्यांची स्वतःची बसायची जागा त्यात नव्हती. नातवंडांना दाखवायला ते चित्र पुरत नव्हते.

मग सबंध खोली दाखवायची आणि तरी तिचे माप राखायचे, असा प्रश्न झाला. याचे उत्तर जुन्या सुतार-गवंड्यांच्या भाषेत सापडले. आपल्याकडे घराचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधले किंवा दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. दोन खणांचा सोपा, पाच खणांचे घर. भिंग खण ताणू शकते, आकसू शकते, पण खणांची संख्या बदलू शकत नाही. चित्रात छताचा कडीपाट आणि तुळया स्पष्ट आल्या, तर पाहणारा नकळत मोजतो आणि डोळ्याला बसलेला चकवा उतरतो. जमिनीवर जाते, भिंतीत कोनाडा, खुंटी अशा, ज्यांचे माप प्रत्येक मराठी माणसाच्या अंगात मुरलेले आहे, अशा वस्तू मधल्या अंतरावर असल्या तर आणखी बरे. अगदी जवळ ठेवल्या तर त्या राक्षसी होतात आणि उलटाच परिणाम होतो.

दुसरी गोष्ट उंचीची. माजघरातले आयुष्य बसून गेलेले असते: पाटावर, जात्यापाशी, पाळण्याशेजारी. उभ्या माणसाच्या डोळ्यातून पाहिले की जमिनीचा पट्टा पसरतो आणि खोली ओसाड, मोठी भासते. कॅमेरा अडीच फुटांवर, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला आणला की जमीन आवळते, भिंती जवळ येतात, तुळया दिसतात. तिसरी गोष्ट, कॅमेरा पाणसळीत हवा. तो जरा वर कललेला असला तर खांब आत झुकतात, खाली कलला तर बाहेर फाकतात. हे सर्वच भिंगांत होते, पण अतिरुंद भिंगात दोन अंशांच्या चुकीने वाडा भूकंपात सापडल्यासारखा दिसतो. गवंड्याची बाटलीतल्या बुडबुड्याची पाणसळ छोट्या आकारात मिळते. मी ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवली आहे.

अशा रीतीने घेतलेले चित्र मी आजींना दाखवले तेव्हा त्यांनी काही न बोलता त्यावर बोट ठेवले. दाराच्या डावीकडे, भिंतीपाशी. "इथं माझा पाट." वाडा त्यानंतरच्या उन्हाळ्यात उतरवला. तिन्ही घरांत ते चित्र आहे. थोरल्यांच्या घरी मोठे करून लावले आहे, आणि माणसे त्याच्या अगदी जवळ जाऊन पाहतात, तेही त्या चित्राला मानवते.

आता थोडे मेणवलीबद्दल. वाईजवळ नाना फडणिसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट चित्रपटांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. 'स्वदेस'मध्येही तो दिसतो. तिथे वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. यथार्थदर्शन भिंगावर नाही, उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते, हे शिकायला त्या घाटासारखी जागा नाही. समजा, एकामागे एक दोन मीटर अंतरावर सारख्या उंचीच्या दोन वस्तू आहेत. पहिलीपासून एक मीटरवर उभे राहिलो तर दुसरी तीन मीटरवर. चित्रात पहिली तिप्पट मोठी. पहिलीपासून दहा मीटरवर उभे राहिलो तर दुसरी बारावर. पहिली जेमतेम १.२ पट. भिंग कोणतेही असो, हे प्रमाण बदलत नाही. अतिरुंद भिंग एवढेच करते की ते आपल्याला एक मीटरवर उभे राहू देते आणि तरी मागचे सगळे चौकटीत ठेवते. म्हणून घंटेच्या जवळ गेले तर घंटा देवळाएवढी होते, आणि घाटाच्या पायरीवर कॅमेरा टेकवला तर खालची पायरी नदीएवढी. 'सगळे मावावे' म्हणून हे भिंग विकत घेणारे लोक पुष्कळ. त्यांची चित्रे बहुतेक वेळा रिकामी येतात, कारण सगळे मावते तेव्हा सगळे बारीक होते. हे भिंग जवळ जाण्यासाठी आहे.

जवळ जाण्याला त्याची साथही चांगली. १४ मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ ८, आणि फोकसचे कडे ८० सेंटिमीटरच्या थोडे पुढे ठेवले की साधारण ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला याच छिद्रावर दहा मीटरहून पुढे फोकस करावा लागतो, आणि जवळचे पाच मीटर धूसर राहतात. माझ्या भिंगाच्या कड्यावर मी त्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. अंधारात बोटाने चाचपून तो लावता येतो.

कासच्या पठारावर मात्र हे जवळ जाणे जपून करावे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कास आहे. तिथली सीतेची आसवे एखाद्या सेंटिमीटरची. ३० सेंटिमीटरवरून १४ मिलिमीटरच्या भिंगाने घेतली तर ते फूल चौकटीच्या रुंदीचा सुमारे सत्त्याहत्तरावा भाग व्यापते. म्हणजे ठिपका. मोठे हवे तर आणखी जवळ, आणि आणखी जवळ म्हणजे कातळावरच्या त्या वीतभर मातीत गुडघे रोवून, शेजारची पंचवीस फुले चिरडून. तिथे हे भिंग पिशवीतच राहू द्यावे. वाटेवर उभे राहून लांबच्या भिंगाने काम होते.

सांगलीत या भिंगाचा मला एक निराळाच उपयोग उमगला. सांगलीकर माणूस पावसाळ्यात सकाळी उठून पहिल्यांदा आयर्विन पुलाजवळची पातळी विचारतो. १९२९चा हा पूल म्हणजे गावाची पट्टी: ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ते ओसरल्यावर घराघरांत भिंतींवर एक तपकिरी रेघ राहिली. माहेरच्या गल्लीत प्रत्येक घराने मोबाइलवर त्या रेघेचे फोटो काढले: पंचनाम्यासाठी, विम्यासाठी, परगावच्या मुलांना दाखवण्यासाठी. खोल्या लहान, म्हणून बहुतेकांनी आपोआप रुंद भिंगच वापरले. आणि त्या फोटोंत रेघ जागच्या जागी राहत नव्हती. एकाच खोलीत ती जवळच्या भिंतीवर खाली, समोरच्या भिंतीवर वर, बाजूच्या भिंतींवर तिरपी चढत गेलेली. जणू पाणी घरात उतरते भरले होते. परका माणूस ते पाहून नक्की किती फूट पाणी होते हे सांगू शकत नाही.

याला भूमितीत एक सुरेख उपाय आहे. कॅमेरा पाणसळीत असला की भिंगाच्या उंचीवर असलेला प्रत्येक बिंदू, जवळचा असो की दूरचा, डावीकडचा असो की उजवीकडचा, चित्रात एकाच आडव्या रेषेवर येतो. ती क्षितिजरेषा. तेव्हा मोबाइल भिंतीवरच्या रेघेच्या उंचीला धरायचा, जराही वर-खाली न कलवता. मग ती रेघ तिन्ही भिंतींवरून, दारावरून, कपाटावरून एकच सरळ रेषा होऊन चौकटीच्या बरोबर मधून जाते. पाणी जसे सपाट उभे होते तसे ते पुन्हा दिसते. रेघेखाली, समोरच्या भिंतीला टेकवून, फुटांच्या खुणा केलेली काठी किंवा नुसती केरसुणी उभी करायची. ती चौकटीच्या मधल्या भागात हवी, कडेला नाही. रेघ डोक्यावरून गेली असेल तर स्टुलावर चढायचे. पुढे २०२१ला पुन्हा पाणी आले तेव्हा गल्लीतल्या दोन-तीन घरांनी असे फोटो काढलेले मी पाहिले, एकाने तर मला न विचारता.

शेवटी हरिपूर. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाचे हे गाव सांगलीला खेटून आहे, आणि तिथल्या जमिनीत हळदीची पेवे आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या पेवांचाही वाटा आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजण: तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत पोट मोठे. तिथल्या मातीचा गुण असा की हळद आत वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण हल्ली कशालाही लावतो, पण ज्यावरून तो आला ती वस्तू फार थोड्यांनी आतून पाहिली आहे. २००५च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, पुढे गोदामे, शीतगृहे आली, आणि पेवे हळूहळू मागे पडली.

एका व्यापाऱ्याच्या परवानगीने मी एका रिकाम्या पेवात उतरले. तोंड उघडून आदल्या दिवसापासून ठेवले होते. पेव उघडल्याबरोबर कोणी आत जात नाही, कोंदलेली हवा आधी जाऊ देतात. बरोबर तिथे वर्षानुवर्षे काम केलेले एक हमाल होते. आत गेल्यावर मी आतापर्यंत सांगितलेले बहुतेक नियम निरुपयोगी ठरले. कोपरा नाही, खांब नाही, तुळई नाही, त्यामुळे खण मोजायचे नाहीत. भिंत सगळीकडून वळत गेलेली, म्हणून सरळरेषी भिंगाच्या सरळपणाला काही अर्थ नाही. अंधार इतका की फोकस दिसत नाही. तिथे तो पांढरा ठिपका कामी आला. वर तोंडाचा उजेड आणि खाली मातीचा काळोख यांतला फरक एका चित्रात मावत नाही, म्हणून तिकाटण्यावर वेगवेगळ्या प्रकाशवेळांची सहा चित्रे घेऊन ती घरी जोडली. कॅमेरा सरळ वर केला तेव्हा पेवाचे तोंड चौकटीच्या ऐन मध्यावर आले आणि नीट गोल आले, कारण मध्यावर ताण नसतो. कॅमेरा आडवा धरला तेव्हा नुसती भिंत आली, तिला माप नव्हते.

मापासाठी मी त्या काकांना उभे राहायला सांगितले. ते भिंतीला टेकून, कडेला उभे राहू लागले, मी त्यांना मधे बोलावले. "बरं झालं ताई," ते म्हणाले, "पोरीच्या लग्नातल्या फोटूत मी लई फुगलोय." मग त्यांनी स्वतःच हात वर करून दाखवला: पेव भरले की हळद इथवर येते. त्यांचा हात भिंतीवरच्या एका फिकट पिवळ्या पट्ट्याशी पोचत होता. मी कॅमेरा त्या पट्ट्याच्या उंचीला चढवला, पाणसळ पाहिली आणि बटण दाबले. पट्टा चित्रात पेवाच्या सगळ्या पोटाभोवती एका सरळ रेषेत आला आहे.

या भिंगाची पुढची काच फुगीर असते, तिच्यावर साधी संरक्षक काच बसत नाही. वर आले तेव्हा ती हळदीच्या धुळीने माखली होती. हळद फडक्याने पुसू नये, ती काचेवर फासली जाते. आधी रबरी फुग्याने हवा मारून ती उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा. माझ्या भिंगाच्या कड्याच्या खाचेत ती अजून थोडी आहे.